फोडातला दोरा

गोगीला दुधावरची साय फार आवडायची. गरम दुधाचा पेला पुढ्यात आला की ती आधी त्यावर फुंकर घालायची, साय चांगली सुरकुतू द्यायची, मग चिमटीत तिचं एक टोक धरून ती सबंधच्या सबंध ओढून काढायची आणि मान मागे टाकून तोंडात सोडायची. हनुवटीवर ओघळलेलं दूध बाहीला पुसायची आणि त्याच हातांनी आईच्या गळ्यात पडायची. हे सगळं होईस्तोवर आई खिडकीबाहेर पाहत उभी राहायची. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप याखेरीज पाहण्याजोगं काही नव्हतं, पण तो पाइपसुद्धा तिला त्या पेल्यापेक्षा बरा वाटायचा.

पोटच्या पोरीची किळस यावी यासारखं लाजिरवाणं दुसरं काही नाही, आणि ती यायची, हे तिने आजवर कोणापुढे तोंडातून काढलं नव्हतं. माया नव्हती असं मुळीच नाही. गोगी तापाने फणफणली तेव्हा उशाशी तीच बसली होती, शाळेत कोणी पोरीला छळलं तेव्हा कंबर कसून भांडायला तीच गेली होती. पण पोर म्हणजे नुसता ओलावा होता. नाक कायम वाहतं, तळवे घामेजलेले, नऊ वर्षांची झाली तरी अंगठा तोंडात, त्यामुळे त्याची कातडी पांढरी पडून फुगलेली, आणि रडायला तर निमित्तही लागत नसे. तो ओला हात हातात आला की आईच्या खांद्यापर्यंत शिरशिरी जायची, आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत ती तो हात आणखी घट्ट धरायची. गोगी हे नाव आजोबांनी पाडलेलं, गोगलगायीवरून. 'हळू चालते, ओलसर असते आणि जाईल तिथे माग ठेवते,' असं ते सगळ्यांना हसून सांगायचे, आणि गोगीच सगळ्यांत मोठ्याने हसायची.

नोकरीही आईने आपल्या स्वभावाला साजेशीच शोधली होती. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, शस्त्रक्रियेची हत्यारं जिथे धुऊन, वाफवून पुन्हा वापरण्याजोगी करतात, त्या खोलीत ती कामाला होती. वरून रक्ताळलेल्या कात्र्या-चिमट्यांनी भरलेले ट्रे यायचे. ती दुहेरी हातमोजे चढवून एकेका चिमट्याचे दात ब्रशने घासायची, पोकळ नळ्यांमधून पाण्याची धार सोडायची, भिंगाखाली धरून बिजागरीत काही अडकलंय का ते पाहायची, आणि मग सगळं दुपदरी हिरव्या कापडात बांधून वाफेच्या यंत्रात ठेवायची. बाहेर काढलेल्या गाठोड्यावरच्या चिकटपट्टीचे पट्टे, वाफ पुरेशी लागल्याची खूण म्हणून, काळे झालेले दिसले की तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. 'एक दिवस ही आम्हा दोघांनाही कापडात गुंडाळून त्या यंत्रात घालणार आहे,' असं नवरा चेष्टेने म्हणायचा. यंत्राच्या दारावर पितळेची एक छोटी पाटी होती, पदयात्रेच्या देणगीतून ते घेतल्याचं सांगणारी. म्हणजे इतक्या साऱ्या स्वच्छतेच्या मुळाशी गावभरच्या माणसांचे घामट पाय होते, आणि ती पाटी पुसताना तिचं तोंड न चुकता वाकडं व्हायचं.

पदयात्रा हा तिच्या बाबांचा जीव की प्राण. वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, सगळं शहर त्या इस्पितळासाठी चालायचं. गावाबाहेरच्या मोठ्या तलावाला पूर्ण वळसा, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. आणि शेजारीपाजारी, दुकानदार, नातेवाईक प्रत्येक चालणाऱ्याच्या नावाने मैलामागे काही ना काही देणगी कबूल करायचे. बाबा शिंपी होते. वर्षभर मशीनवर वाकून बसलेला तो माणूस त्या एका दिवसासाठी जणू पाय साठवून ठेवायचा. 'थांबला तो संपला' हे त्यांचं पालुपद, आणि लेकीला चालता येऊ लागलं न लागलं तोच त्यांनी तिला सोबत न्यायला सुरुवात केली होती. यंदा मात्र गुडघ्यांनी त्यांना स्पष्ट नोटीस दिली. डॉक्टरांनी एकदाच, शेवटचं, म्हणून मान डोलावली, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीच्या घरी येऊन जाहीर करून टाकलं.

"गोगी माझ्याबरोबर येणार."

गोगीने टाळ्या पिटल्या. आईच्या हातातली बशी सिंकमध्ये पडली.

"बाबा, लहान आहे ती अजून."

"तू हिच्याहून लहान होतीस."

"तिला नाही झेपणार. जरा खरचटलं तरी तासभर रडते."

"तूही रडायचीस. मी आहे ना? अगं, दुधापेक्षा साय जपायची असते, एवढं कळतं मला." बाबांनी नातीचा गालगुच्चा घेतला. आईने बशी पुन्हा धुतली, आधीच धुतलेली होती तरी.

नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं, आणि कारण म्हणून तिच्यापाशी होत्या त्या नुसत्या आठवणी. पहिले काही मैल कोणालाही गोडच वाटतात. बाबांनी कोटाच्या अस्तरातून शिवलेली निळी टोपी, छातीवर टाचणीने लावलेला नंबर, धुक्यातून पुढेमागे चालणाऱ्या माणसांची बडबड. पण ऊन चढलं की माणसांचं माणूसपण वितळायला लागायचं. रस्ताभर चोखून फेकलेल्या संत्र्यांच्या साली, त्यांवर माश्या, माश्यांवर कोणाचा तरी बूट. पाठीला चिकटलेले शर्ट आणि त्यांवर वाळलेल्या मिठाचे पांढरे ओघळ. झुडपांमागून पँट सावरत येणारे काका, आणि ते तसेच हात पोरांच्या डोक्यावरून फिरवत "शाब्बास रे वाघा" म्हणणारे. दानधर्मालाही वास असतो, आणि तो असा असतो, हे तिला तेव्हाच कळून चुकलं होतं.

सगळ्यांत वाईट तो शेवटचा टप्पा. तलावाच्या पलीकडच्या काठाला पाणीपुरवठ्याची एक लांबट जुनी खोली होती, वर्षभर कुलूपबंद, त्या एका दिवसापुरती उघडणारी. भिंतीला लागून बाक, आणि मध्ये मिठाच्या कोमट पाण्याचा मोठा पत्र्याचा टब. पोरांचे बूट काढायचे, पायाला चिकटलेले मोजे सोलायचे, आणि सगळ्यांनी एकाच टबात पाय सोडून बसायचं. पाणी आधी दुधट व्हायचं, मग करडं, आणि निवता निवता वर तरंगणारे कातडीचे पापुद्रे एकमेकांना चिकटून त्याच्यावर चक्क साय धरायची. मग बाबा आपली सुयांची डबी उघडायचे. फोड नुसता फोडला तर पुन्हा भरतो, म्हणून जुनी चालणारी माणसं त्यातून सुईने दोरा ओवतात आणि दोरा आतच राहू देतात. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं आणि वरची कातडी शाबूत राहते. या कामाला शिंप्याइतका साफ हात दुसरा कोणाचा? लोक रांग लावायचे. बाकावर ओळीने बसलेली पोरं, त्यांच्या टाचांतून लोंबणारे दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाशी हळूहळू जमणारा पिवळसर थेंब.

हे तिला स्वच्छ आठवायचं, पण ती नऊ वर्षांची होती त्या चालीपासून पुढचंच. त्या आधीचं आयुष्य मात्र तिला ऐकून माहीत होतं. तिची आई होती तोवर ती सांगायची की लहानपणी तू सायीसाठी पातेल्याशी भांडायचीस, सदान् कदा रडायचीस, माझ्या अंगावरून उतरायची नाहीस. त्या वर्षी चालून आलीस आणि जादूच झाली, शहाणी झालीस, स्वच्छ झालीस, सायीला शिवेनाशी झालीस. पुढच्या एकाही चालीत तिच्या पायाला साधा फोड आला नाही. घरात हा कौतुकाचा विषय होता, आणि कौतुकाच्या गोष्टी कोणी उकरून पाहत नाही.

सुट्टीच्या दिवशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याने पटावं म्हणून घाणेरडं तेवढं निवडून सांगितलं.

"आणि बाकाखाली," ती म्हणाली, "लोकांनी चघळून चिकटवलेली च्युइंगमं. एकाला एक लागून. बोट लावलं तर उन्हाळ्यात मऊ लागायची, बोटाला तार यायची. थंडीत एकदम दगड."

नवरा हसला. "उन्हाळ्यात? वर्षातून एकच दिवस उघडते ना ती खोली?"

तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली. नवऱ्याने बोलण्यातली चूक पकडली आणि सोडूनही दिली. तो चादरीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. तिला मात्र त्यानंतर ती आठवण भिंगाखाली धरून पाहिल्याशिवाय राहवेना, आणि जितकी पाहावी तितकी तिच्या बिजागरीत काहीबाही अडकलेलं सापडू लागलं. त्या खोलीच्या पत्र्यावर वाजणारा पाऊस तिला आठवत होता, कितीतरी दिवस न थांबलेला. टब उपडा घातलेला आणि त्याच्यावर साचलेली धूळ आठवत होती. उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढायचा आणि विझायचा, तो बघत बसणं आठवत होतं. आणि मग खिडकीच्या काचेतून दिसलेले, रस्त्यावरून येणारे दोघं: पुढे हातात सुयांची डबी घेतलेला एक माणूस, मागे लंगडत, नाक पुसत येणारी निळ्या टोपीतली मुलगी. तो माणूस म्हणजे बाबा. टोपी तर तिचीच. मग त्या दोघांना येताना आतून पाहत होतं कोण?

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती तशीच बाबांकडे गेली. ते मशीनवर होते. पायाशी निळं अस्तर पसरलेलं होतं, गोगीच्या टोपीचं.

"बाबा, मी नऊ वर्षांची होते ना, त्या वर्षी त्या खोलीत काय झालं होतं?"

"काय व्हायचंय?" बाबा मान वर न करता म्हणाले. "आकांत मांडलास. एक पाऊल टाकणार नाही म्हणालीस. दोन्ही टाचांत हे एवढाले फोड. मी दोरे ओवले तर खोली डोक्यावर घेतलीस. बाकी सगळे पुढे गेले, आपण दोघंच मागे. मीही वैतागलो होतो. म्हटलं, रडून घे काय ते. टब उचलला, मागे जाऊन ओतून आलो, तर तू दारात उभी. टोपी घातलेली, बूट बांधलेले. म्हणालीस, चला."

"आणि?"

"आणि काय? चाललीस. शेवटपर्यंत. त्या दिवसापासून मी तुला कधी रडताना पाहिलं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी भरून यायचा. आज आला नाही.

"खोली कोणी बंद केली?"

"मीच. किल्ली त्या वर्षी माझ्याकडे होती."

"आत कोणी राहिलं नव्हतं?"

मशीन थांबलं. बाबांनी दोरा दातांनी तोडला आणि त्याचं टोक जिभेवर ओलं करून पुन्हा सुईत घातलं. "सगळे पुढे गेले होते म्हटलं ना," ते म्हणाले.

"दोरा ओवला की वण राहतो?"

"जन्मभर."

तिने बूट काढला, मोजा काढला आणि पाय त्यांच्या मशीनच्या दिव्याखाली धरला. टाच गुळगुळीत होती, एक रेघसुद्धा नसलेली. दुसराही पाय तिने तसाच दाखवला. बाबा टोपीकडे पाहत राहिले.

"गोगीचं डोकं तुझ्याहून मोठं आहे," ते म्हणाले. "अस्तर पुरलं पाहिजे."

तिने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण बाहेर गोगी साऱ्या गल्लीला सांगत सुटली होती, ओळखीच्या प्रत्येकाने तिच्या नावाने मैलामागे काही ना काही कबूल केलं होतं, आणि म्हाताऱ्या बापाची शेवटची इच्छा च्युइंगमच्या कारणाने मोडायची म्हणजे लोकांनी वेड्यात काढलं असतं. शेवटी तिने तिच्या परीने मार्ग काढला. इस्पितळातून दरवर्षी काही जण टप्प्याटप्प्यावर मदतीला जात; आजवर तिने ते काम कायम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं होतं. यंदा तिने स्वतःहून शेवटची खोली मागून घेतली आणि किल्लीही. गोगी त्या खोलीत शिरेल ते आईच्या डोळ्यांदेखत आणि बाहेर पडेल तेही आईच्या डोळ्यांदेखत, मध्ये पापणी लवू द्यायची नाही, एवढंच तिने मनाशी धरलं.

खोलीचं दार उघडलं तेव्हा आतली हवा तोंडावर आली आणि तिला ती ओळखीची वाटली, आपल्याच उशीच्या वासासारखी. तिने खिडक्या उघडल्या, बाक जंतुनाशकाने पुसले, टब दोनदा घासला, दमून आलेल्यांसाठी पाठवलेल्या घोंगड्या खिडकीकडे रचून ठेवल्या. खिडकीलगतचा बाक पुसताना न बघता तिचा हात खालच्या कडेला गेला, आणि हातमोज्यातून तिला एकेक गाठ लागत गेली, मोठी, मग दोन बारक्या, मग ती बोटाचा ठसा उमटलेली. आता कोणतं येणार हे प्रत्येक वेळी तिला आधी ठाऊक होतं. ठसा तिने अंगठ्याने चाचपला. तो लहान मुलाच्या बोटाचा होता.

दुपार होताच माणसांचे लोंढे सुरू झाले. तिने पायांमागून पाय धुतले, पट्ट्या लावल्या, मोजे सोलले. कामात तिचा हात चालत होता आणि डोळे खिडकीकडे. मदतीला आलेली शाळेची दोन पोरं उरलेल्या लोकांबरोबर पुढे निघून गेली, खोली रिकामी झाली, उन्हाचा चौकोन भिंतीवर चढला, तेव्हा कुठे रस्त्यावर दोघं दिसले. पुढे सुयांची डबी घेतलेला म्हातारा, मागे लंगडत, नाक पुसत येणारी निळ्या टोपीतली मुलगी. हे दृश्य याच काचेतून तिने आधी पाहिलेलं होतं. तिने धावत जाऊन पोरीला दारातच उचललं.

गोगीने रडून गोंधळ घातला होता. तिच्या दोन्ही टाचा सुजून पाण्याने टम्म फुगल्या होत्या, बोटांमधली कातडी पांढरीफटक पडून सुटलेली, आणि मोज्याला तिचा एक पापुद्रा चिकटून आला. तिचे पाय टबात सोडले तसा तो पापुद्रा पाण्यावर जाऊन आधीच्यांना मिळाला. बाबांनी चष्मा पुसला, सुईत दोरा घातला. यंदा अस्तराचाच निळा दोरा आणला होता त्यांनी, नातीला आवडेल म्हणून. सुई एका बाजूने शिरली, दुसऱ्या बाजूने निघाली, तिच्यामागून दोरा सरकत गेला आणि त्याच्याबरोबर पाणी. गोगीने किंकाळी फोडून आईच्या मानेत तोंड खुपसलं. नाकातलं, तोंडातलं, डोळ्यांतलं सगळं आईच्या मानेवरून गळ्यात उतरलं, आणि सकाळी प्यायलेल्या दुधाचा आंबूस वास तिच्या नाकात भरला.

ती थांबली. किती थांबता येईल तितकी थांबली, दोन्ही टाचा होईपर्यंत. मग तिने पोरीचे हात मानेवरून सोडवले.

"टब ओतून येते," ती कशीबशी म्हणाली. "बाबा, हिच्याजवळ बसा. हलू नका."

"आई, जाऊ नको ना," गोगी म्हणाली.

"आजोबा आहेत ना. आलेच मी."

मागच्या दाराने बाहेर जाऊन तिने टब उपडा केला. पाणी निघून गेलं, वरची साय मातीवर पसरून राहिली, आणि तिच्याकडे पाहता पाहता तिला वांती झाली. मग नळावर तिने हात धुतले. मान धुतली, गळा धुतला, पुन्हा हात, कोपरापर्यंत, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्यांत, इस्पितळात धुतात तसे. पुरेसं झालंय हे कळत असूनही तिने आणखी एकदा साबण घेतला.

आत आली तेव्हा पुढच्या दारात गोगी उभी होती. टोपी घातलेली, बूट बांधलेले. डोळे कोरडे, नाक कोरडं. आजोबांचा हात तिने धरला होता.

"चला," ती म्हणाली.

आईने पुढे होऊन तिचा दुसरा हात हातात घेतला. कडक उन्हात वाळवून घडी घातलेल्या कापडाइतका तो कोरडा होता. शिरशिरी आली नाही. तिने बाबांकडे पाहिलं, बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"आम्ही निघतो," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर पोचू. तू आवरून, कुलूप लावून गाडीने ये."

खिडकीतून ती दोघांच्या पाठी बघत राहिली. गोगी जराही लंगडत नव्हती. पोर बाहेर पडली, आपल्या डोळ्यांदेखत बाहेर पडली, असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते सांगून संपायच्या आत तिला पाठीमागे नाक ओढल्याचा आवाज आला.

खिडकीलगतच्या बाकाच्या टोकाला, घोंगड्यांच्या ढिगाआड गोगी बसली होती. डोकं उघडं, पाय उघडे, अंगठा तोंडात. दोन्ही टाचांतून निळे दोरे लोंबत होते आणि त्यांच्याखाली फरशीवर थेंबांचं लहानसं थारोळं साचलं होतं.

"आई," अंगठा काढून ती म्हणाली, "आजोबा मला सोडून गेले."

आई जागची हलली नाही.

"मला उचल ना. पाय दुखतायत."

तिला उचलायला हवं होतं. हे तिला कळत होतं, आणि दोरा बाबांचाच आहे हेही कळत होतं, नऊ वर्षं जिला आपण अंगावर वागवलं ती ही, हे तर एखाद्या आंधळीलाही वासावरून कळलं असतं. रस्त्यावरच्या त्या दोघांना हाक मारली असती तर ती अजून ऐकू गेली असती. जीव तुटत होता तिचा. गोगीने दोन्ही हात पसरले. अंगठ्यापासून हनुवटीपर्यंत लाळेची तार लोंबत होती, ती तुटली आणि फ्रॉकवर पडली, आणि आईचं पाऊल मागे गेलं. फक्त एक. पण ते मागे गेल्यावर दुसरं पुढे यायला तयार होईना.

मग तिने पुन्हा हातमोजे चढवले. पट्ट्या आणि औषधं पेटीत भरली, मागचं दार आतून लावलं, खिडक्या एकेक करून बंद केल्या. खोलीच्या मधोमध फरशी पुसली. बाकाजवळची पुसली नाही. संत्र्यांची एक पेटी अर्धीअधिक उरली होती, ती तिने पायाने ढकलत ढकलत बाकाच्या जवळ, हात पोचेल अशी नेऊन ठेवली. "आई, आई," असं गोगी म्हणत होती, आधी मोठ्याने, मग रडणं विसरून नुसती बघत. पुढच्या दाराशी पोचेपर्यंत आवाज थांबला होता. कुलूप जुनं होतं, किल्ली फिरायला जोर लागला. गाडीत बसताना तिने एकदाच मागे पाहिलं. खिडकीच्या काचेवर आतून एक ओला पंजा उमटला होता, आणि काच पुसायला हवी, एवढंच तिच्या मनात आलं.

शेवटच्या मैदानावर दिवे लागले होते. चालून आलेल्या पोरांना गरम दूध वाटत होते. गोगी खुर्चीवर पाय जुळवून बसली होती, गळ्यात पदक, हातात पेला. आई शेजारी येऊन उभी राहिली तसं तिने पेल्यात पाहिलं, कपाळाला बारीक आठी घातली, चमच्याच्या टोकाने साय एका कडेला लोटली, उचलून बशीत टाकली, आणि चमचा रुमालाने पुसून खाली ठेवला. मग तिने आपला कोरडा, उबदार हात आईच्या हातात दिला. आईने तो धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरीचा हात धरताना तिला स्वतःला शिव्या घालाव्या लागल्या नाहीत.

बाबा समोरच्या खुर्चीवर गुडघे दाबत बसले होते. एका दिवसात ते फार थकलेले दिसत होते. आजूबाजूला बँड वाजत होता, लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. ते जरा पुढे वाकले.

"कुलूप ओढून बघितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, बाबा," ती म्हणाली.